खाण काढायचीय? हे आधी वाचा

खाणधंद्यात उतरायचं असेल तर दीक्षा गोव्यात घ्या.

पहिली गोष्ट, कागद जुना हवा. पोर्तुगीज गेले, त्यांनी वाटलेले परवाने राहिले. 1987 मध्ये कायदा करून त्यांचे भाडेपट्टे झाले. या पट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 2014 मध्ये. मधल्या काळात, 2012 साली खाणींवर बंदी येईपर्यंत, लोहखनिज मुरगाव बंदरातून बोटी भरभरून चीनला गेलं. घाई करणाऱ्याला न्याय उशिराच गाठतो, हे ध्यानात ठेवा.

खनिज बार्जमध्ये, म्हणजे नदीतल्या मालवाहू होडीत, चढतं; रिजेक्शन, म्हणजे खणताना निघालेली टाकाऊ माती-दगड, गावात उरतं. टनामागे दोन-तीन टन. त्याचा डोंगर ओहोळाच्या वरच्या अंगाला रचा, म्हणजे पुढची वाहतूक पाऊस फुकटात करतो, थेट भातशेतीत. शेतकरी आलाच तर यंदापुरती भरपाई द्या, सही घ्या. शेत कायमचं गेलं तरी हिशोब यंदाचाच ठेवायचा.

खड्डा भूजलाच्या खाली गेला की रात्रंदिवस पंप चालवा. विहिरी आटतील. मग टँकर पाठवा, आणि त्यावर कंपनीचं नाव लांबून वाचता येईल असं रंगवा. वर्तमानपत्रात फोटो येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातल्या तरुणांना कर्जावर ट्रक घ्यायला लावा. हप्ता डोक्यावर असलेला माणूस खाणीविरुद्ध बोलत नाही. उलट खाण बंद झाली की ‘खाण अवलंबित’ म्हणून पणजीत मोर्चा तोच काढतो, आणि तुम्ही घरी बसून तो टीव्हीवर बघता. (त्याचं दुःख खरं असतं, म्हणूनच ते तुम्हाला उपयोगी.) सत्तरीतल्या सोनशीत 2017 मध्ये लोकांनी धुळीला कंटाळून ट्रक अडवले. अटक लोकांना झाली.

पर्यायांची चर्चा निघाली तर चहा मागवा. जुनं पोलाद वितळवून पुन्हा वापरता येतं, त्याला ऊर्जाही बरीच कमी लागते, असं कोणी म्हणालं तर ‘भंगारवाल्यांची अर्थव्यवस्था करायची का?’ असं विचारून हसा. खनिज सगळ्यांचं आहे, विक्रीतले 10 टक्के पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाका, असं न्यायालयानेच 2014 मध्ये बजावलं आहे. टाका. उरलेल्या 90 टक्क्यांबद्दल पुढच्या पिढ्या ग्रामसभेत येऊन विचारणार नाहीत.

आणि जुन्या डोंगरांवर डोळा ठेवा. कचरा म्हणून फेकलेल्या रिजेक्शनलाही आता भाव आहे. तेव्हा पुन्हा परवाना, पुन्हा ट्रक, पुन्हा बार्ज. फक्त ढीग कोणाच्या जमिनीवर पडलाय, तेवढं विचारू नका.