नक्कल हा शब्द पटला नाही

बायबलमधली सृष्टीची आणि जलप्रलयाची कथा म्हणजे बाबिलोनी पुराणांची नक्कल, असं एका लेखात म्हटलंय. साम्य आहेच, आणि थक्क करणारं आहे. १८७२ साली अभ्यासक जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममध्ये आजच्या इराकमधल्या निनवेहून आलेल्या मातीच्या पाटीवर गिल्गमेश या बाबिलोनी काव्यातला प्रलय वाचला. देवाने आधीच सावध केलेला माणूस, डोंगरावर टेकलेली नाव, पाणी ओसरलं का ते बघायला सोडलेले पक्षी. तिथे कबुतर, पाकोळी, मग कावळा. बायबलमधल्या नोहाकडे आधी कावळा, मग कबुतर. प्रलयानंतरच्या होमाचा सुवास देवापर्यंत पोचतो, हेसुद्धा दोन्हीकडे.

पण काय बदललं तेही बघा ना! अत्राहासिसच्या, म्हणजे दुसऱ्या एका बाबिलोनी प्रलयाच्या कथेत कालवे खणून दमलेल्या देवांची कामं करायला माणूस घडवला जातो, माती आणि मारलेल्या देवाचं रक्त कालवून. पुढे माणसांच्या गोंगाटाने एन्लिल या मुख्य देवाची झोप मोडते, म्हणून प्रलय. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, 'उत्पत्ती'त, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि प्रलयाचं कारण आहे माणसांची दुष्टाई, हिंसा. मला सर्वांत भावतो तो त्यातल्या सृष्टीकथेचा चौथा दिवस. सूर्य-चंद्रांची नावंच घेतलेली नाहीत, नुसती 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती'. शेजारी त्यांनाच शमाश आणि सीन नावाचे देव म्हणून पुजत होते! अनेक अभ्यासक हा पहिला अध्याय इसवी सनपूर्व सहाव्या शतकातल्या यहुद्यांच्या बाबिलोनमधल्या बंदिवासाशी जोडतात. यरुशलेमचं मंदिर जळालेलं, गाव सुटलेलं, आणि समोर बाबिलोनच्या देवाच्या, मार्दुकच्या मिरवणुका. त्या लोकांनी ऐकलेली गोष्ट घेतली आणि तिच्यातला देव बदलला.