श्रीखंड वाहते काय?

ज्या श्रीखंडाविषयी विमान कंपनीच्या काउंटरवरील मुलीने मला अत्यंत गोड आवाजात "हे हातातल्या बॅगेत घ्या ना, सर" असे सुचवले होते, तेच श्रीखंड पाऊण तासाने, त्याच इमारतीत, विमानाच्या सुरक्षेला घातक ठरले. मोठी बॅग २३ किलोंच्या वर गेली होती, अर्ध्या किलोचा डबा बाहेर काढल्यावर काटा समाधान पावला आणि मी लंडनला राहणाऱ्या बहिणीची फर्माईश खांद्यावर घेऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. तिथे पट्टा, घड्याळ, पाकीट आणि बूट ट्रेमध्ये गेले. शेजारच्या रांगेतले लोक मात्र बूट घालूनच कमानीतून जात होते. त्याबद्दल विचारले असता "वो लाइन अलग है" असे उत्तर मिळाले. एका छपराखाली, पाच फुटांच्या अंतरावर, बुटांचा धोका इतका कसा बदलतो हे विचारण्याची सोय नव्हती, कारण माझा एक हात पँट सावरण्यात गुंतलेला होता.

डबा बाजूला काढून ठेवण्यात आला. "ये लिक्विड है," जवान म्हणाला. मी काही बोलणार इतक्यात माझ्या मागून आवाज आला, "कोण म्हणतो?"

मागे पांढरा नेहरू शर्ट घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक काका उभे होते. श्रीखंड त्यांचे नव्हते, त्यांचा माझा परिचय नव्हता, त्यांचे स्वतःचे सामान केव्हाच निर्वेध पलीकडे गेले होते. तरीही ते परत वळून आले होते. आपण पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो असून उभे आयुष्य वाहत्या पदार्थांच्या मोजमापात गेले आहे, हे त्यांनी प्रथम सर्वांना कळवले. मग ज्या हिंदीत महाराष्ट्रातील अभियंत्यांनी देशभरची कंत्राटे निभावली, त्याच हिंदीत त्यांनी जवानाची शिकवणी सुरू केली. "देखो, दही को रातभर फडके में टांगके रखते हैं. सब पाणी निथळ जाता है. जो बचता है वो चक्का. जिसका पाणी निकाल दिया, वो लिक्विड कैसा?"

जवान चांगल्या स्वभावाचा असावा. तो म्हणाला की दही, लोणी, टूथपेस्ट, लोणचे असे सगळे मऊ पदार्थ द्रवातच धरले जातात आणि मर्यादा १०० मिलीलिटरची आहे. काकांना हेच हवे होते. त्यांनी डब्यावरचे लेबल त्याच्या डोळ्यांपुढे धरले. तिथे ५०० ग्रॅम असे लिहिले होते. जी वस्तू दुकानदार वजनावर विकतो, ती तुम्ही मापाने कशी अडवता, आणि श्रीखंडाची घनता तुम्हाला ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले. मग माझी परवानगी न घेता झाकण उघडून त्यांनी डबा उलटा धरला. डब्यातून थेंबही गळला नाही. "बहता है क्या?" असे त्यांनी रांगेकडे वळून विचारले, आणि रांगेतल्या एका बाईंनी, मला वाटते, टाळी वाजवली.

साहेबांना बोलावण्यात आले. त्यांनी डबा सीलबंद नसल्याचे कारण सांगितले. झाकण काकांनी नुकतेच उघडले होते, हे त्यांना सांगण्याचा माझा प्रयत्न काकांनीच हाणून पाडला. मग चारशे ग्रॅम इथेच खाऊन उरलेले शंभर न्यावेत, असा तोडगा काकांनी काढला. तोही फेटाळला गेला, कारण नियम आतल्या पदार्थाला नसून भांड्याला असतो. दोनशे मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी नखभर पेस्ट उरली असली तरी ती ट्यूब जप्त होते. याच क्षणी शेजारच्या पट्ट्यावरून एका कुटुंबाचा आम्रखंडाचा डबा, माझ्या डब्याहून मोठा, बिनबोभाट पुढे निघून गेला. मी बोट दाखवले. साहेब म्हणाले, "वो हमने नहीं देखा."

या नियमांमागची कारणे मला अमान्य नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात स्फोटके नेली होती, आणि ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. आपले सुके खोबरेसुद्धा, त्यातल्या तेलामुळे, आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत १३६३ या क्रमांकाने नोंदलेले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या फडताळात दारूगोळाच साठवला. पण ब्रिटनमधील काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून १०० मिलीची अट काढून टाकावी आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा लागू व्हावी, त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय संघानेही तसेच करावे, अमेरिकेने बूट उतरवण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये सोडून द्यावी, हे सगळे प्रवाशाने कुठे वाचायचे? आजचा नियम ठाऊक नसल्याचा अपमान मात्र त्याच्याच पदरी पडतो, आणि तोही पँट धरून उभा असताना. तपासणी पार करताच लिटरभर दारूच्या बाटल्या रोषणाईत मांडलेल्या दिसतात आणि पाणी बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट महाग मिळते, याचे मला अजूनही हसू येत नाही.

डबा कचऱ्याच्या पेटीत गेला. काकांनी माझ्या पाठीवर थोपटून "लेखी तक्रार करा, मी साक्षीदार म्हणून सही करतो" असे सांगितले आणि नाव-पत्ता न देताच ते चहाच्या दुकानाकडे निघून गेले.

मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होती. शहाणपण शिकून मी न सांगताच बूट काढले, लॅपटॉप बाहेर घेतला, पट्टा गुंडाळून ट्रेमध्ये ठेवला. तिथली अधिकारी बाई माझ्यावर खेकसली. लॅपटॉप बॅगेतच ठेवायचा असतो, बूट काढायला कोणी सांगितले होते, आणि मागे केवढी रांग उभी आहे ते मला दिसत नाही काय?