भोंग्यावरचं साल आणि फॉरवर्डवाला शहाणपणा

सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. घरात जुनं पितळी ट्रंपेट असेल तर म्हणे भोंग्यावर कोरलेलं साल तेच बनावटीचं, मधल्या व्हॉल्व्हवरचा (बोटाने दाबायच्या झडपेवरचा) आकडा म्हणजे मॉडेल, पांढरं दिसलं की चांदीचं, आणि पोर्तुगीज काळातलं म्हणजे पोर्तुगालमध्येच बनलेलं. यातलं एकही धड टिकत नाही.

सालाचंच घ्या. १८६७, १८७८, १९०० ही पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांची सालं. तिथे मिळालेली पदकं कारखानदार पुढे कित्येक वर्षं भोंग्यावर मिरवत. त्यामुळे १९०० कोरलेलं फ्रेंच कॉर्नेट (ट्रंपेटचाच आखूड भाऊ) १९३० सालातलंही असू शकतं. त्यापेक्षा नाव आणि पत्ता वाचा. बूझी आणि हॉक्स या कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या, म्हणजे दोन्ही नावं एकत्र असतील तर वाद्य त्याआधीचं नाही. ऑल्ड्स या अमेरिकन कंपनीच्या वाद्यावर ‘लॉस एंजेलिस’ असेल तर ते साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं. पुढे कारखाना फुलर्टनला गेला.

व्हॉल्व्हवरचा लांबलचक आकडा हा अनुक्रमांक, मॉडेल नव्हे. त्यावरून काळाचा अंदाज येतो, पण त्या कंपनीची यादी हाताशी असेल तरच. बाख कंपनीच्या ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ नावाच्या ट्रंपेटवर त्या आकड्याजवळ ‘एमएल’ दिसतं. ते नळीच्या आतल्या व्यासाचं माप, ०.४५९ इंच. आणि सगळे विचारतात तो ३७ हा भोंग्याच्या साच्याचा क्रमांक. कॉन या कंपनीच्या मॉडेलच्या नावात बी हे अक्षर म्हणजे ट्रंपेट, ए म्हणजे कॉर्नेट, एच म्हणजे ट्रॉम्बोन. व्हॉल्व्हच्या आतले, वर-खाली होणारे पिस्टन बाहेर काढलेत तर त्यांवर १, २, ३ सापडतील. त्या त्यांच्या जागा. धुताना अदलाबदल झाली की हवा अडते, सूर निघत नाही, आणि धडधाकट वाद्य ‘बाद झालं’ म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भंगाराच्या भावात जातं.

चांदीचं काय? बहुतेकदा मुलामा असतो, चांदीचा नाहीतर निकेलचा. डाव्या हाताची बोटं जिथे व्हॉल्व्हना धरतात तिथे बघा, झिजलेल्या जागी पिवळं पितळ डोकावतं. चांदीचा मुलामा काळा पडतो, निकेल तेवढा पडत नाही. आणि कृपा करून घसाघसा ब्रासो मारू नका. मुलाम्याबरोबर ओळख पटवणारी अक्षरंही पुसली जातात.

राहिला पोर्तुगालचा मुद्दा. १९६१ पूर्वी गोव्यातले वादक पोट भरायला मुंबई-कलकत्त्याला जातच होते. हळदोण्याचे चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे वादक मुंबईत ट्रंपेट वाजवूनच नावारूपाला आले. ब्रिटिश हिंदुस्थानात इंग्रजी बनावटीची वाद्यं मिळत, ती सुट्टीला ट्रंकेतून गावी येत. तेव्हा लिस्बनचा शिक्का शोधण्याआधी घरात एवढं विचारा: आजोबा नोकरीला कुठे होते?