बारा नंबरांचं मत

२०२२ च्या नोव्हेंबरात अण्णा नांदेडहून आमच्याकडे मेलबर्नला आले होते. २६ तारखेला, शनिवारी, व्हिक्टोरिया राज्याची निवडणूक होती. इथं मतदान शनिवारीच ठेवतात, म्हणजे सुट्टी द्यावी लागत नाही. मी निघालो तर अण्णाही चप्पल घालून तयार. मतदार नसले तरी निवडणूक बघायची हौस होतीच. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, किती निवडणुकांत मतदान केंद्रावर ड्यूटी केली असेल त्याची गणती नाही.

मेलबर्नच्या वेरिबी या आमच्या उपनगरातली साधी प्राथमिक शाळा. फाटकाशी पक्षांचे कार्यकर्ते रंगीत पत्रकं हातात कोंबत होते आणि मैदानात पालकांनी सॉसेजचा स्टॉल लावला होता. ‘डेमॉक्रसी सॉसेज’ हा शब्द २०१६ साली इथं वर्षातला शब्द म्हणून निवडला गेला, इतका तो मतदानाला चिकटलेला आहे. शाकाहारी अण्णांनी ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा घालून घेतला आणि पहिला प्रश्न टाकला, “पोलीस कुठंय रे?” पोलीस नव्हते. ओळखपत्र कुणी मागितलं नाही, बोटाला शाई लावली नाही. नाव विचारलं, यादीत खूण केली आणि आधी कुठं मत दिलंय का एवढंच विचारलं. मत लिहायला पेन्सिल होती. पेन्सिल बघून मात्र अण्णांचा धीर सुटला. “खोडलं तर?” स्वतःचं पेन वापरायची मुभा असते, हे सांगूनही त्यांचं समाधान झालं नाही.

मग मी बाहेर येऊन त्यांना नमुना मतपत्रिका दाखवली. प्रत्येक उमेदवारापुढे चौकट, आणि १ पासून शेवटपर्यंत सगळ्यांना नंबर द्यायचे. एकही चौकट सोडायची नाही. अण्णांनी चष्मा सावरला आणि म्हणाले, “अरे, हे तर आमच्या पदवीधरसारखं आहे की!”

मला हे सुचलंच नव्हतं. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपल्याकडे पसंतीक्रमानंच मत देतात. आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं १, २, ३ लिहायचं, दुसऱ्या कशानं लिहिलं तर मत बाद. पहिल्या पसंतीत कुणाचाच कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी ठरावीक मतं, पूर्ण झाला नाही की तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिकेवरची दुसरी पसंती मोजायची. रात्र रात्र चालणाऱ्या त्या मोजणीच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. ऑस्ट्रेलियातली मतदानाची पद्धत मी मित्रांना इंग्रजी शब्द वापरून समजावत होतो, आणि ती आमच्या घरात अण्णांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ‘सर’. अण्णांचे शाळेतले जुने सहकारी. २०१९ च्या लोकसभेला त्यांनी वंचित बहुजन आघाडीला मत दिलं आणि ते लपवलंही नाही. नांदेडात काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजार मतांनी पडले. वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं होती. वजाबाकी तिसरीतल्या पोराला येईल अशी. निकालाच्या दिवसापासून चहाच्या टपरीवर सरांना ऐकवणं सुरू झालं. तुम्ही मत वाया घालवलं. तुम्ही पाडलं. वंचित म्हणजे मतं खाणारी टीम. सर हुज्जत घालत नसत. फक्त म्हणायचे, “माझं मत कुणाच्या बापाचं होतं का, खायला?”

त्या वेळी मीही टपरीच्या बाजूनं होतो, हे कबूल करतो. इथून फोनवर अण्णांना शहाणपण शिकवायचो. दूर बसलेल्या माणसाला वजाबाकी फार लवकर जमते.

इथं मत द्यायला लागल्यावर माझं मत हळूहळू बदललं. त्याचा मोठा धक्का बसला तो ८ फेब्रुवारी २०२५ ला, आमच्याच वेरिबीच्या पोटनिवडणुकीत. जागा लेबर पक्षाची, वर्षानुवर्षांची. राज्याचे अर्थमंत्री टिम पॅलस यांनी राजीनामा दिला म्हणून रिकामी झालेली. उभे राहिले बारा जण. २०२२ मध्ये लेबरला इथं पहिल्या पसंतीची सुमारे ४५ टक्के मतं होती. या वेळी लेबर आणि लिबरल, दोन्ही मोठ्या पक्षांना तीस टक्के गाठता आले नाहीत. चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी १ हा आकडा तिसऱ्याच कुणापुढे लिहिला. रस्त्यावरची कोंडी, लोकलची गर्दी, शाळांत जागा नाही, या भागात घर घेतलेल्या प्रत्येकाला या तक्रारी पाठ आहेत.

नांदेडच्या हिशोबानं त्या चाळीस टक्क्यांनी मत वाया घालवलं. इथं तसं झालं नाही. तळाचा एकेक उमेदवार बाद होत गेला, त्याच्या पत्रिका पुढच्या नंबराकडे सरकत गेल्या, आणि शेवटी लेबरचा उमेदवार काहीशे मतांनी तरला. कुणी कुणाला ‘पाडलं’ नाही. अपक्षाला १ देणाऱ्याला दोन मोठ्यांमध्ये कोण चालेल, हेही त्याच कागदावर सांगता आलं. सरांना ती सोय असती तर त्यांनी दुसरा नंबर कुणाला दिला असता, हे त्यांचं त्यांना माहीत. आपण मात्र त्यांच्या दीड लाख सोबत्यांची दुसरी पसंती स्वतःच ठरवून टाकली आणि वर त्यांनाच दोष दिला.

म्हणून मला आता वाटतं, ‘मत वाया गेलं’ हे वाक्य मतदाराला उद्देशून बोलूच नये. मोजणी मत वाया घालवते. एका शिक्क्यात किंवा एका बटणात माणसाला जेवढं सांगता येतं तेवढंच तो सांगतो.

ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यभरात लेबरला पहिल्या पसंतीची ३७ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि ८८ पैकी ५६ जागा. त्याच वर्षी गोव्यात भाजपनं ३३ टक्के मतांत ४० पैकी २० जागा घेतल्या. पसंतीक्रम असो वा नसो, एका मतदारसंघात एकच जण निवडायचा म्हटलं की असंच होणार. खालच्या सभागृहात त्या साली लहान पक्षांपैकी फक्त ग्रीन्स शिरले, तेही चार. शिवाय मतं बादही होतात, त्या निवडणुकीत पाच टक्क्यांच्या वर. बारा नंबर लिहिताना सात दोनदा लिहिला की संपलं. आपले पदवीधर काही वेगळं करत नाहीत.

पण पद्धतीतली खरी गोम मला वरच्या सभागृहाच्या कागदावर कळली, आणि ती सांगायला मला थोडी लाज वाटते. तो कागद टेबलावर मावत नाही. मधोमध जाड रेघ. रेघेच्या खाली उमेदवारांना निदान पाच नंबर द्यायचे, किंवा रेघेच्या वर एका पक्षापुढे नुसता १. पोरगी हात ओढत होती, अण्णा बाहेर कांदा खात होते. मी वर एका लहान पक्षापुढे १ लिहिला आणि मोकळा झालो. चांगला पक्ष, चांगलं नाव. रेघेच्या वर १ लिहिला की पुढचे सगळे नंबर तो पक्ष ठरवतो, आयोगाकडे आधीच नोंदवलेल्या यादीप्रमाणे. ती यादी मी नंतर वाचली. स्थलांतरितांबद्दल ज्या पक्षाची भाषा ऐकून मी टीव्ही बंद करतो, तो पक्ष माझ्या मताच्या रांगेत अगदी वर होता.

या याद्यांचा इथं धंदा झाला होता. ग्लेन ड्रूरी नावाचे गृहस्थ लहान पक्षांची मोट बांधून द्यायचे. तू मला वर ठेव, मी तुला त्या विभागात वर ठेवतो. २०१८ मध्ये व्हिक्टोरियाच्या वरच्या सभागृहात ग्रीन्सना नऊ टक्क्यांवर मतं पडून एक जागा मिळाली, आणि डेरिन हिंच यांच्या जस्टिस पार्टीला पावणेचार टक्क्यांत तीन. टॅक्सीवाल्यांच्या प्रश्नावर उभे राहिलेले रॉड बार्टन आपल्या विभागात एक टक्का मतंही नसताना आमदार झाले. सगळ्यावर कडी केली ती पश्चिम ऑस्ट्रेलियानं. तिथं २०२१ मध्ये डेलाइट सेव्हिंग पार्टीचे विल्सन टकर पहिल्या पसंतीच्या अठ्ठ्याण्णव मतांवर निवडून आले. अठ्ठ्याण्णव! आमच्याकडे सोसायटीचा चेअरमन व्हायला जास्त लागतात. त्या राज्यानं डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं, चारदा सार्वमत घेऊन नाकारलं होतं, हे आणखी वर. त्यांनी त्याच वर्षी ही पद्धत मोडीत काढली. न्यू साउथ वेल्सनं १९९९ च्या टेबलक्लॉथएवढ्या मतपत्रिकेनंतर काढली, संघीय सिनेटनं २०१६ मध्ये काढली. २०२२ ला व्हिक्टोरिया हे एकच राज्य उरलं होतं आणि मी नेमका तिथं १ लिहून बसलो. त्या निवडणुकीत ॲनिमल जस्टिस पार्टी ड्रूरींच्या मोटेत बसली, सगळ्यांच्या पसंती पदरात घेतल्या आणि ऐन वेळी स्वतःची यादी भलतीच नोंदवून मोकळी झाली. त्यांची एक उमेदवार निवडूनही आली. मुक्या प्राण्यांच्या पक्षाकडून एवढं राजकारण कुणी अपेक्षिलं नव्हतं.

हे अण्णांना सांगत होतो तेव्हा ते हसलेच नाहीत. म्हणाले, “यात नवीन काय आहे? आपल्याकडे निकालानंतर हेच करतात.”

खरंच की. २०१९ ला लोकांनी युतीला मत दिलं, मिळाली महाविकास आघाडी, मधे एक पहाटेचा शपथविधीही झाला. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. प्रत्येक वेळी मतदारानं १ लिहिला आणि २, ३, ४ नेत्यांनी भरले, एवढंच दाखवायचंय. फरक असेल तर हा की ड्रूरींच्या याद्या मतदानाआधी जाहीर असत, कुणी वाचायची म्हटलं तर वाचता येत. आपल्याकडे यादी निकालानंतर हॉटेलात तयार होते. ज्यांना पाडल्याचं पाप सरांच्या माथी मारलं, ते अशोक चव्हाण २०२४ च्या फेब्रुवारीत, त्यांना हरवणाऱ्याच पक्षात गेले. ज्यांनी हरवलं ते प्रतापराव चिखलीकर त्याच वर्षी अजित पवारांच्या राष्ट्रवादीत. टपरीनं सरांची माफी मागितली असं काही ऐकिवात नाही.

पसंतीक्रम आपल्याकडे विधानसभेला आणावा असं म्हटलं की मित्र हसतात. एकट्या महाराष्ट्रात २०२४ ला विधानसभेला चार हजारांवर उमेदवार होते, लोक गोंधळतील म्हणतात. गोंधळ आहेच. त्याच वर्षी साताऱ्यात लोकसभेला पिपाणी चिन्हाच्या अपक्षानं तुतारीवाल्यांच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त मतं घेतली. पण तो अडाण्यांचाच रोग आहे असं समजायचं कारण नाही. २०१३ च्या सिनेट निवडणुकीत न्यू साउथ वेल्समध्ये लिबरल डेमोक्रॅट्स या लहान पक्षाला साडेनऊ टक्के मतं पडली. कागदावर त्यांचा पहिला रकाना होता आणि नावात ‘लिबरल’. त्यांचा माणूस सिनेटर झाला. शिकलेल्यांच्या देशातली ही पिपाणीच.

आणि नांदेडचा मतदार गोंधळतो असं कुणी मला सांगू नये. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथं विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. एकाच खोलीत दोन यंत्रं. त्या लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीनं घेतल्या आणि लोकसभा काँग्रेसनं, अवघ्या १,४५७ मतांनी. दोन वेगळी बटणं विचार करून दाबणारा माणूस १, २, ३ लिहू शकत नाही?

माझं तिथलं मत आता नाही. इथलं नागरिकत्व घेताना भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत मिळत नाही. इथं उलट मत दिलं नाही तर दंड. त्यामुळे ज्या निवडणुकीबद्दल मी सर्वांत जास्त बोलतो तिथं गप्प बसावं लागतं, आणि जिथं बोलायची सक्ती आहे तिथली अर्धी नावं गुगल करावी लागतात.

फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीनंतर अण्णांचा फोन आला. या वेळी मी बाराही नंबर घरी कच्च्या कागदावर लिहून नेले होते.

“मग? पोचलं का तुझं मत कुठं?”

“माझा एक नंबर मधेच बाद झाला. शेवटी दोन मोठ्यांपैकीच एकाकडे गेलं.”

“मग एवढा उपद्व्याप कशाला केलास? आधीच द्यायचं होतं त्याला.”

“आधी दिलं असतं तर तो खूश झाला असता, अण्णा. आता त्याला कळलं की या गावात लोक त्याला आठवा-नववा नंबर देतात.”

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, “थांब, सर इथंच बसलेत. त्यांना सांग हे.”