रडलं म्हणजे ईमान (अल्लाहवरची श्रद्धा) कमी झालं? असं काही नाहीये

सध्या एक मेसेज फिरतोय की माणसावर संकट आलं म्हणजे अल्लाह नाराज आहे, आणि त्यात जो रडला त्याचं ईमान कच्चं. दोन्ही चुकीचं आहे. कुरआनात सूरह बकरा या अध्यायाच्या 155व्या आयतीत (वचनात) सरळ म्हटलंय की भीती, भूक, माल, जीव आणि पिकांचं नुकसान यांनी तुमची परीक्षा होणारच, आता परीक्षा आणि शिक्षा यात फरक आहे की नाही?

आणि रडण्याचं म्हणाल तर याकूब अलैहिस्सलाम स्वतः पैगंबर, मुलगा यूसुफ दुरावला त्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडले, तरी तेच मुलांना सांगतात की जा, शोधा, अल्लाहच्या रहमतीबद्दल (कृपेबद्दल) निराश होऊ नका. प्रेषित मुहम्मदांचा छोटा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाले की डोळे रडतात, मन दुःखी होतं, पण बोलू तेच जे रबला (अल्लाहला) आवडेल. (त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं, लोक म्हणाले इब्राहीमसाठीच लागलं, तर ती अफवाही त्यांनीच खोडली.)

सब्र (संकटात धीर धरणं) म्हणजे दगड होणं नव्हे, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनो, ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्याला तरी हा मेसेज पाठवू नका.