तीन मिनिटं गप्प बस रे!

रोज सकाळी तोच ताप. आई देवपूजेला बसते, मी ब्लूटूथ स्पीकरवर गायिका केसरबाई केरकरांचं जुन्या तव्यावरचं, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डवरचं, गाणं लावतो. अवघं तीनेक मिनिटांचं. तेवढ्यात, ऐन तानेत, स्पीकरमधली बाई ठणकावते, ‘बॅटरी लो!’ अरे, लाल दिवा लुकलुकव ना! आमच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला आणि माझ्या ओसरीवर हा डबा तो सलग ऐकू देत नाही. रागच येतो.

आरतीसाठी गाणं थांबवलं की दहा मिनिटांत आपणहून बंद. पुन्हा लावायला जावं तर देव्हाऱ्यासमोर मोठ्यानं ‘पेअरिंग’, म्हणजे फोन जोडतोय! आई दचकते. भाचा अंगणात स्कूटर लावतो न लावतो, तोच हा त्याच्या फोनला चिकटतो आणि घरात भलतंच काहीतरी किंचाळायला लागतं.

फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलं की सूर तुटतो. फोंड्यातलं जुनं घर, हातभर जाड चिऱ्याच्या भिंती. त्यात ब्लूटूथ आणि बऱ्याचदा वायफायही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच लहरपट्ट्यात गर्दी करणार. तेही सोसलं असतं. पण ती बडबड बंद करायला एक बटण नको? दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो, “तशें सेटिंगच ना.” म्हणजे तसं सेटिंगच नाही. आणि वायर जोडून ऐकावं म्हटलं, तर नव्या मॉडेलात साडेतीन मिलिमीटरचा जॅकसुद्धा काढून टाकलाय!