चूल वेगळी, पत्ता एक

माझी ताई तीन वर्षांपासून आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहते. नवऱ्यानं टाकली असं लोक म्हणतात. खरं तर रोजच्या मारहाणीला कंटाळून तीच दोन लेकरांना घेऊन निघून आली. चार घरची धुणीभांडी करते, महिन्याला साडेचार हजार मिळतात. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं एक शेगडी आणि 5 किलोचा छोटा सिलिंडर आणला आणि मला म्हणाली, "छप्पर तुझं राहू दे, चूल माझी मी मांडते." तेव्हापासून तिचं पीठमीठ तिचंच आहे.

साडेचार हजारांनी वर्षाचे 54,000 होतात. शहरात रेशनच्या 'प्राधान्य कुटुंब' गटासाठी, म्हणजे ज्यांना सरकारी धान्य मिळतं त्यांच्यासाठी, वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 59,000, म्हणजे ताई त्यात बसते. माणशी 5 किलो धान्य, तिघांचं 15 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही फुकट. उत्पन्नाचा दाखला काढला, हमीपत्र लिहिलं, आणि आम्ही दोघं तिच्यासाठी वेगळं रेशन कार्ड मागायला पुरवठा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी ताईचं आधार बघितलं. त्यावर 'केअर ऑफ' म्हणून माझं नाव, पत्ता माझाच. "एकाच घरात राहता ना? मग भावाच्या कार्डात नाव घाला." झालं काम!

माझं कार्ड पांढरं आहे. मी एका कंपनीची गाडी चालवतो, पगार 22,000. माझ्या कार्डात नाव घातलं की माझा पगार ताईच्या लेकरांच्या नावावर मोजला जाणार आणि दाणाही मिळणार नाही. माझ्या पगारात माझी दोन पोरं, आईची औषधं आणि घराचा हप्ता आहे. बहिणीला मी उपाशी ठेवणार नाही, हे सांगायलाही लागू नये. पण कायद्यानं तिला जो हक्क दिलाय तो माझ्या दयेवर का सोडायचा?

त्या बाईंना मी दोष देत नाही. 2021 मध्ये अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम निघाली, तेव्हाच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं की एका कुटुंबाला एकाच पत्त्यावर दोन कार्डं द्यायची नाहीत. अपवाद करायचाच तर तहसीलदारांनी किंवा शिधावाटप अधिकाऱ्यांनी स्वतः खातरजमा करायची. पण अपवादाचा कागद वर पाठवायची हिंमत खिडकीतल्या माणसाला कुठून येणार? गंमत म्हणून नाही, मनापासून विचारतो : जनगणनेला जो माणूस दारात येतो, त्याच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. म्हणजे मोजताना सरकार चूल बघतं, मग धान्य देताना पत्ता का बघतं?

बऱ्याच चकरांनंतर चौकशीला साहेब आले. वागायला चांगले होते. खोली बघितली, शेगडी बघितली, ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून बघितला. मग त्यांची नजर मोरीपाशी घासून ठेवलेल्या वाटीवर गेली. वाटीवर माझ्या बायकोचं नाव घातलेलं. "ही वाटी इथं कशी?" आदल्या रात्री बायकोनं लेकरांसाठी आमटी पाठवली होती. साहेबांनी काही लिहिलं, काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. ताईचा चेहरा मात्र मी बघितला. चोरीचा माल सापडल्यासारखी ती त्या वाटीकडे बघत होती. आमच्याकडे वाटीभर आमटी शेजाऱ्यालाही जाते हो. त्यानं काय शेजारी आमच्या कार्डात येतो?

याहून मोठी अडचण पुढंच निघाली. ताईचं आणि लेकरांचं नाव अजून सासरच्या कार्डात आहे. आमच्या रेशन दुकानदारानं कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून दाखवला, तेव्हा दिसलं की दर महिन्याला पाच माणसांचं 25 किलो धान्य नवऱ्याच्या एका अंगठ्यावर उचललं जातंय. तीन वर्षांत ताईच्या आणि लेकरांच्या वाट्याचं 540 किलो होतं. इथं ताई पाव किलोनं तांदूळ आणायची आणि तिकडं तिच्या नावाचा तांदूळ निघत होता. नावं कमी करायची तर तिकडच्या कार्यालयात कार्डवाल्याचा अर्ज लागतो, असं आम्हाला सांगितलं. म्हणजे ज्याच्यापासून जीव वाचवून आली, त्याचीच सही आण म्हणायचं.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, हे कार्ड कुठंही चालतं. तुमचा अंगठा आधी लागला तर तुमचा वाटा इथं घ्या, बाकीचं ते तिकडं घेतील." त्या महिन्यात तिनं तिघांचं 15 किलो उचललं. चौथ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. तो काय बोलला ते इथं लिहीत नाही. पुढच्या महिन्यात ताई दुकानाकडे फिरकलीच नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईला कार्डावर कुटुंबप्रमुख करायचं असं लिहिलंय. कागदावर माझी ताई तिच्या चुलीची प्रमुखच आहे. मग स्वतःचं आणि लेकरांचं नाव बाहेर काढायला तिचा एकटीचा अर्ज आणि तिचा अंगठा पुरायला हवा. एवढंच मागणं आहे माझं, आणि दुसरं, घरात किती चुली पेटतात ते बघून कार्ड द्या.

मागे हे लिहिलं तेव्हा एकानं म्हटलं, असं केलं तर सगळेच खोट्या चुली मांडून कार्डं फोडतील. अंत्योदयमध्ये, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या गटात, माणसं कितीही असोत, कार्डाला 35 किलो मिळतं, तिथं ही भीती मला पटते, तिथं नीट तपासा. पण प्राधान्य कुटुंबात धान्य माणशी आहे. पाच माणसांचं एक कार्ड असो की दोन, 25 चे 30 किलो होत नाहीत. उत्पन्न खोटं दाखवणारे आहेत, मलाही माहीत आहेत, पण ते स्वतंत्र पत्त्यावरही खोटंच दाखवतात. वर इष्टांकाचं, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं त्या ठरलेल्या आकड्याचं, कारण आहेच. महाराष्ट्रात शहरी भागात 45.34 टक्के लोकांपुरतीच जागा, तीही 2011 च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरवलेली. म्हणून तर जी नावं चुकीच्या कार्डात अडकलीत ती सोडवा. ताईसाठी नवीन धान्य नको, तिच्या नावावर आधीच निघतंय तेच तिच्या हातात द्या.

अर्ज अजून पडून आहे. साहेब परत येणार म्हणाले आहेत. मागच्या रविवारी ताईनं भांड्यांच्या दुकानातून चार वाट्या आणल्या आणि त्यांवर स्वतःचं नाव घालून घेतलं. आता आमच्याकडून आमटी गेली की ती दारातच आपल्या वाटीत ओतून घेते, आणि आमची वाटी विसळून उभ्याउभ्या परत देते.